कळलावीपासून जनुकापर्यंत : मज्जातंतूंतील वाहतुकीच्या अभ्यासाचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, कळसूबाई व हरिश्चंद्रगड ह्यांच्या परिसरातील झुडपांवर पावसाळ्यात एक वेल चढलेली दिसते. तिच्या पानांची टोके ताण्यांसारखी वळून आधार धरतात. पाकळ्या मागे उलटलेल्या, कडांना नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लालभडक असतात. ही कळलावी. तिचा कंद विषारी आहे हे डोंगरातल्या माणसास सांगावे लागत नाही. प्रसूतीच्या वेळी कळा याव्यात म्हणून त्याचा लेप लावण्याची जुनी चाल होती, आणि तिच्या नावाची व्युत्पत्तीही त्यावरूनच सांगितली जाते. भांडणे लावणाऱ्या माणसालाही आपण कळलाव्या म्हणतो. पण त्या बिचाऱ्याचा ह्या वेलीशी नावापलीकडे संबंध नाही.

कळलावीच्या कंदात व बियांत कॉल्चिसीन नावाचे अल्कलॉइड असते. हे द्रव्य पेलेतिए व काव्हांतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये कॉल्चिकम ह्या युरोपीय वनस्पतीपासून वेगळे केले होते. कळलावीतही तेच आहे हे १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक विश्लेषणाने दाखविले. संधिवाताच्या एका प्रकारावर ते शतकानुशतके दिले जात आले आहे. १९३७ पासून वनस्पती-प्रजननाच्या अभ्यासकांनी गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा उपयोग केला. परंतु ह्याच विषाने मज्जापेशीच्या अंतरंगातील एका मोठ्या व्यवहाराचा छडा लावण्यास साहाय्य केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. प्रस्तुत लेखात त्या व्यवहाराच्या अभ्यासाचा इतिहास, विशेषतः तो विषांच्या प्रयोगांतून आनुवंशिकीकडे कसा वळला आणि त्यात महाराष्ट्रातील प्रयोगशाळांचा वाटा कोणता, हे पाहावयाचे आहे.

प्रथम प्रश्न काय आहे तो नीट समजून घेतला पाहिजे. माणसाच्या कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूत असलेल्या मज्जापेशीचे शरीर एक दशांश मिलिमीटरपेक्षा मोठे नसते. परंतु तिच्यापासून निघणारा अक्षतंतू पायाच्या पंज्यातील स्नायूपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर, पोचलेला असतो. प्रथिने तयार करण्याचे काम मुख्यत्वे पेशीच्या शरीरात होते, त्यांचा उपयोग मात्र मीटरभर अंतरावर. केवळ विसरणाने एखादे प्रथिन इतके अंतर तोडू म्हणेल तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. तेव्हा अक्षतंतूत मालाची ने-आण करणारी काही तरी योजना असलीच पाहिजे, हे अनुमान जुने आहे. ऑगस्टस वॉलर ह्याने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या मज्जा कापून पाहिल्या, तेव्हा कापलेल्या जागेपलीकडचा भाग झिजून गेला आणि पेशीशी जोडलेला भाग टिकला. पेशी आपल्या तंतूचे पोषण करते एवढे त्यावरून ठरले. पोषण कोणत्या मार्गाने होते हे मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणी सांगू शकले नाही.

ह्या प्रश्नाची कोंडी शिकागोच्या पॉल वाइस ह्यांनी फोडली. हेलन हिस्को ह्यांच्या समवेत १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी एक विलक्षण साधा प्रयोग वर्णिला आहे. मज्जेभोवती अरुंद कडे बसवून ती आवळली असता कड्याच्या वरच्या, म्हणजे पेशीकडील, अंगास तंतू फुगले. पाटाच्या तोंडाशी फळी घातली म्हणजे पाणी तुंबते तसे. कडे काढताच तुंबलेला माल दिवसास एक ते दोन मिलिमीटर ह्या गतीने पुढे सरकू लागला. १९६० नंतर किरणोत्सर्गी अमिनो आम्ले वापरून हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने मोजता आली, आणि तेव्हा असे दिसून आले की वाहतूक एका गतीची नाही. काही माल दिवसास जेमतेम मिलिमीटरभर जातो, तर पुटिकांसारखा माल दिवसास चारशे मिलिमीटरपर्यंत मजल मारतो. म्हणजे कमरेपासून पंज्यापर्यंत जलद मालास अडीच दिवस पुरतात, सावकाश मालास सुमारे तीन वर्षे लागतात. ह्या आकड्यांकडे पाहिले म्हणजे ह्या वाहतुकीचे विकार पुष्कळदा पायांच्या पंज्यांपासून का सुरू होतात, ह्याचा थोडा उलगडा होऊ लागतो.

येथे कॉल्चिसीन पुन्हा आपल्या कथेत येते. बोरिसी व टेलर ह्यांनी १९६७ मध्ये दाखविले की पेशीत कॉल्चिसीन ज्या प्रथिनास चिकटते तेच प्रथिन पेशीतील सूक्ष्मनलिकांचा घटक आहे. पुढल्याच वर्षी मोहरी ह्यांनी त्यास ट्यूब्युलिन हे नाव दिले. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे ह्याच सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात; वनस्पतीची गुणसूत्रे दुप्पट होतात ती ह्यामुळे. मज्जापेशी तर विभाजित होत नाहीत, तरीही त्यांचे अक्षतंतू सूक्ष्मनलिकांनी भरलेले असतात. त्या तेथे कशासाठी, ह्याचे उत्तर १९६८ व १९६९ मध्ये मिळाले. अ‍ॅनिका डालस्ट्रॉम ह्यांनी, आणि त्यांच्या मागोमाग क्रॉयट्झबर्ग ह्यांनी, उंदरांच्या मज्जांवर कॉल्चिसीन लावले असता जलद वाहतूक थांबली, आणि माल वरच्या अंगास तुंबला. विशेष म्हणजे योग्य मात्रेत मज्जेतून जाणारा विद्युत्संदेश मात्र अबाधित राहिला. तार शाबूत आहे, पण त्याच मार्गावरून जाणारी मालगाडी बंद पडली आहे, असा तो प्रकार होता. रूळ म्हणजे सूक्ष्मनलिका, हे त्यामुळे बहुतेक निश्चित झाले.

परंतु विषाच्या प्रयोगाला एक अंगभूत मर्यादा आहे आणि ती पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कॉल्चिसीन सर्वच रूळ उखडते. सगळी वाहतूक एकदम थांबली म्हणजे रूळ होते एवढे कळते; कोणता माल कोणत्या गाडीने जातो, गाड्या किती आहेत, त्या कोणाच्या आज्ञेने सुटतात, ह्यांपैकी काहीच कळत नाही. नगर-कल्याण मार्गावरील माळशेज घाट दरड कोसळून बंद झाला, तर कांदा व दूध दोन्ही अडकतील. पण कांदा कोणाच्या गाडीत होता आणि दूध कोणाच्या, हे बंद घाट पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी एका वेळी एकच गाडी बंद पाडण्याची युक्ती हवी. ही युक्ती म्हणजे आनुवंशिकी. एका जनुकात उत्परिवर्तन घडवावे, म्हणजे त्या एकाच जनुकाचे प्रथिन निकामी होते, आणि मग प्राण्यात काय बिघडते ते पाहावे. हे काम माणसावर करता येत नाही आणि उंदरावर करणे त्या काळी फार दुर्घट होते. म्हणून अभ्यासक माशीकडे व कृमीकडे वळले.

ह्या वळणावर मुंबई इतिहासात प्रवेश करते. होमी भाभा ह्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. भौतिकी व गणित ह्यांच्या संस्थेत जीवशास्त्राला जागा द्यावी, हा भाभांचा निर्णय त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटला असेल. विभाग उभारण्याचे काम त्यांनी ओबेद सिद्दिकी ह्यांच्यावर सोपविले. सिद्दिकी ह्यांचा जन्म १९३२ चा, उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यातील. शिक्षण अलीगढ येथे व पुढे ग्लासगो येथे ग्विदो पॉन्टेकॉर्वो ह्यांच्याकडे. आरंभीची वर्षे त्यांनी जिवाणूंच्या जनुकशास्त्रात घालविली. सत्तरच्या दशकात ते कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर ह्यांच्याकडे गेले आणि तेथे त्यांनी फळमाशीच्या मज्जासंस्थेचा विषय हाती घेतला.

त्या दोघांचा १९७६ चा निबंध ह्या क्षेत्रातील एक मानबिंदू मानला जातो. फळमाशीचे काही उत्परिवर्तित वाण असे असतात की साध्या तापमानात माशी उत्तम उडते-चालते. तापमान काही अंशांनी वाढविले की ती जागच्या जागी लुळी पडते, आणि थंड केल्यावर पुन्हा उठते. सिद्दिकी व बेंझर ह्यांनी अशा वाणांच्या मज्जांतील व स्नायूंतील विद्युत्संदेश मोजून बिघाड नेमका कोठे आहे ह्याचा शोध घेतला. ह्यांपैकी कोमाटोस व शिबिरे ही नावे आजही विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. नव्वदच्या दशकात ह्या जनुकांची प्रथिने ओळखली गेली तेव्हा कळले की शिबिरेचे प्रथिन वापरलेल्या पुटिका परत आत ओढून घेण्याच्या कामी लागते, तर कोमाटोसचे प्रथिन पुटिका रिकाम्या होण्याच्या यंत्रणेचा भाग आहे. म्हणजे ही सारी जनुके मार्गाची नव्हेत, अखेरच्या स्थानकाची. मुंबईत के. एस. कृष्णन् ह्यांनी ह्या स्थानकावरील काम पुढे अनेक वर्षे चालविले. मार्गाचा शोध त्यानंतरच्या पिढीकडे गेला. सिद्दिकी स्वतः माशीच्या घ्राणेंद्रियाकडे वळले, बंगलोरला नव्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची उभारणी केली, आणि २०१३ मध्ये त्याच शहरात रस्त्यावरील अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

येथे थोडे थांबून नगर शहराकडे पाहणे अवश्य आहे. कारण ह्या इतिहासाचा एक धागा, उघड दिसत नसला तरी, तेथून जातो. अहमदनगर महाविद्यालय भा. पां. हिवाळे ह्यांनी १९४७ मध्ये स्थापन केले. त्या महाविद्यालयातील पदव्युत्तर जीवशास्त्राच्या अभ्यासकेंद्रात जॉन बार्नबस ह्यांनी रक्तातील हिमोग्लोबिन ह्या प्रथिनाच्या उत्क्रांतीचा अभ्यास केला. निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनमधील अमिनो आम्लांचा अनुक्रम शेजारी शेजारी मांडावा, आणि कमीत कमी बदल गृहीत धरून त्यांची वंशवेल काढावी, ही ती पद्धती. डेट्रॉइटचे मॉरिस गुडमन व त्यांचे सहकारी ह्यांच्या जोडीने बार्नबस ह्यांनी ह्या पद्धतीने केलेले काम १९७१ पासून पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यांतील १९७२ चा निबंध सस्तन प्राण्यांतील हिमोग्लोबिनच्या आल्फा शृंखलेविषयी आहे. १९७४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात राहून असे काम उभे करता येते, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय इतिहासात आहे त्यापेक्षा ठळकपणे नोंदली जावयास हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हिमोग्लोबिनचा मज्जातंतूंशी संबंध नाही हे खरे. परंतु पुढे वाहतुकीची प्रथिने डझनांनी सापडू लागली, तेव्हा त्यांची कुळे लावण्याचे काम ह्याच प्रकारच्या अनुक्रम-तुलनेने झाले. ते कसे, हे आता पाहू.

रुळांवरून माल ओढणारे पहिले प्रथिन १९८५ मध्ये सापडले. रोनाल्ड व्हेल, टॉमस रीझ व मायकेल शीट्झ ह्यांनी माकुळाच्या प्रचंड जाड अक्षतंतूतील द्रव घेऊन ते वेगळे केले आणि त्यास कायनेसिन हे नाव दिले. हे प्रथिन पेशीतील ऊर्जाद्रव्य जाळून सूक्ष्मनलिकेवरून पाऊल टाकत चालते. एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, आणि सेकंदास अशी सुमारे शंभर पावले. दोन पायांनी आळीपाळीने चालणाऱ्या ह्या रेणूची चलच्चित्रे आता सर्वत्र पाहावयास मिळतात. सूक्ष्मनलिकेस दोन भिन्न टोके असतात व अक्षतंतूत त्या सर्व एकाच दिशेने मांडलेल्या असतात. कायनेसिन पेशीपासून दूर, पंज्याकडे जाते. परतीचा माल वाहणारे डायनीन हे अगदी निराळे प्रथिन असून मज्जापेशीतील त्याचा परिचय पास्कल व व्हॅली ह्यांनी १९८७ मध्ये करून दिला.

एक कायनेसिन सापडताच त्याचे भाऊबंद सापडू लागले. माणसात आज अशी सुमारे पंचेचाळीस जनुके ज्ञात आहेत. पहिली काही वर्षे प्रत्येक प्रयोगशाळा आपापली नावे देत होती, आणि एकाच प्रथिनास माशीत एक, कृमीत दुसरे आणि उंदरात तिसरे नाव पडल्यामुळे वाचकाची त्रेधा उडत असे. अखेर २००४ मध्ये ह्या क्षेत्रातील अभ्यासकांनी चालक भागांच्या अनुक्रमांची तुलना करून चौदा कुळे निश्चित केली. नगरच्या महाविद्यालयात हिमोग्लोबिनसाठी जे तंत्र राबविले गेले त्याचेच हे अधिक विकसित रूप होय.

आता उत्परिवर्तनांकडे वळू. १९९१ हे वर्ष ह्या दृष्टीने फार फलदायी ठरले. त्या वर्षी हॉल व हेजकॉक ह्यांनी सूक्ष्म गोलकृमीत दाखविले की अन्क-१०४ ह्या जनुकात बिघाड झाला की पुटिका पेशीच्या शरीरातच साचून राहतात, अक्षतंतूच्या टोकास पोचत नाहीत. पण इतर पुष्कळसा माल नेहमीप्रमाणे जातो. घाट उघडा आहे आणि एकच गाडी बंद पडली आहे, हे प्रथमच दिसले. त्याच वर्षी सॅक्स्टन, गोल्डस्टाइन आदींनी माशीत मूळ कायनेसिनचे उत्परिवर्तन अभ्यासले. अशा माशीची अळी रांगताना तिची शेपटी वर उचलली जाते, कारण शरीराच्या मागील टोकाकडील स्नायू लुळे पडतात. पुढे १९९६ मध्ये असेही दिसले की तिच्या मज्जांत ठिकठिकाणी मालाचे लोंढे अडकून तंतू फुगलेले असतात. वाइस ह्यांनी कडे आवळून जे बाहेरून घडविले तेच येथे जनुकाने आतून घडविले होते. अळीतही सर्वांत लांबचे टोकच आधी जाते, ही गोष्ट मनुष्याच्या विकारांशी ताडून पाहण्याजोगी आहे.

मुंबईच्या संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज ह्यांच्याकडे शिकलेले कृष्णानु राय ह्या काळात गोल्डस्टाइन ह्यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कायनेसिनच्या दुसऱ्या कुळाचे काम दाखविले. अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशद्रव्य तयार करणारे विकर पेशीच्या शरीरात बनते व टोकाकडे जावे लागते. कायनेसिन-२ बिघडलेल्या माशीत ते मागेच साचते. हे विकर पाण्यात विरघळणारे, कोणत्याही पुटिकेत नसलेले आहे. अशा सुट्या मालालाही ठराविक वाहन असते, ही कल्पना तेव्हा नवी होती. राय मुंबईस परतले आणि कुलाब्याच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न त्यांनी पुढे चालविला. २०१२ मध्ये तेथून प्रसिद्ध झालेल्या कामात हे विकर कायनेसिन-२ च्या शेपटीशी कसे जोडले जाते ते दाखविले आहे. त्याच विभागात संध्या कौशिका ह्यांनी गोलकृमीतील अन्क-१०४ चा अभ्यास केला. त्यांच्या गटाच्या २०१० च्या निबंधातील निष्कर्ष मोठा रंजक आहे : ह्या वाहकास माल मिळाला नाही, तर पेशी तो वाहकच मोडीत काढते. रिकामी गाडी उभी ठेवण्याची चैन मज्जापेशी करीत नाही. २०१८ मध्ये ह्याच गटाने निरोगी अक्षतंतूतही मालाची स्थानिक कोंडी होत असते, हे दाखविले. तेव्हा कोंडी दिसली की विकार, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. रूप मल्लिक ह्यांनी ह्याच संस्थेत परतीच्या डायनीनवर काम केले. एकटे डायनीन दुबळे असते, पण गटाने ओढू लागले म्हणजे मोठा भार खेचते, हे त्यांच्या गटाने २०१३ मध्ये मोजून दाखविले.

माशी व कृमी ह्यांच्यावरून माणसाकडे येताना मात्र जपून पावले टाकावी लागली. त्याचे एक बोलके उदाहरण देतो. शार्को-मारी-टूथ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारात आधी पावले व पोटऱ्या, मग हात दुर्बल होत जातात. त्याच्या २-अ ह्या प्रकाराचे स्थान पहिल्या गुणसूत्रावर ठरले होते. २००१ मध्ये जपानमधील हिरोकावा ह्यांच्या गटाने एका कुटुंबात त्या जागेजवळील केआयएफ-१बी ह्या कायनेसिनच्या जनुकात बदल असल्याचे प्रसिद्ध केले, आणि उंदरांवरील प्रयोगही त्यास अनुकूल होते. सर्वांना वाटले, प्रकरण मिटले. परंतु इतर कुटुंबांत तो बदल सापडेना. २००४ मध्ये झ्यूश्नर व सहकारी ह्यांनी दाखविले की बहुसंख्य कुटुंबांत दोष अगदी शेजारच्या, मायटोफ्यूझिन-२ ह्या जनुकात आहे. हे प्रथिन वाहक नव्हे. ते पेशीतील ऊर्जाकेंद्रांशी संबंधित आहे. पुढे असे आढळले की ह्या दोषामुळे ऊर्जाकेंद्रांची अक्षतंतूतील हालचाल मंदावते. म्हणजे अखेर वाहतूकच. पण वाहक दोषी नसून माल दोषी. एका कुटुंबावरून, कितीही सुंदर उपपत्ती असली तरी, सर्व कुटुंबांविषयी निर्णय देऊ नये एवढे ह्यावरून शिकता येते. त्या तीन वर्षांत ज्यांनी आपल्या कुटुंबाची परीक्षा करवून घेतली असेल आणि केवळ केआयएफ-१बी निर्दोष असल्याचे ज्यांना कळले असेल, त्यांना मिळालेला दिलासा खरा नव्हता.

इतर निष्कर्ष अधिक टिकाऊ ठरले. २००२ मध्ये केआयएफ-५ए ह्या जनुकातील दोषाने दोन्ही पाय ताठ होत जाण्याचा आनुवंशिक विकार होतो, हे दिसले. ह्याच जनुकातील निराळे दोष अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस ह्या जीवघेण्या विकारास कारण होतात, हे २०१८ मध्ये कळले. पहिल्या प्रकारात दोष बहुधा चालणाऱ्या भागात, दुसऱ्यात माल धरणाऱ्या शेपटीत. २००३ मध्ये डायनीनच्या सहाय्यक प्रथिनातील एका अमिनो आम्लाच्या बदलाने एका कुटुंबात स्वरयंत्राचा पक्षाघात व हळूहळू स्नायुक्षय होत असल्याचे दिसले. आणि कृमीतील अन्क-१०४ ला माणसात जे समकक्ष जनुक आहे, त्या केआयएफ-१ए चे दोष २०११ मध्ये एकाच वर्षी तीन निरनिराळ्या रूपांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी काही दोष वाहकाचा वेग कमी करीत नाहीत, उलट त्यास बेसुमार चालवितात, असे २०१९ मध्ये जपानी अभ्यासकांनी दाखविले.

ह्या शेवटच्या जनुकाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या समाजात ह्या प्रश्नाला एक विशेष धार आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ च्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे. मुंबईत एल. डी. संघवी व व. रा. खानोलकर ह्यांनी १९४९ मध्ये सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली होती, आणि संघवी व सहकारी ह्यांनी १९५६ मध्ये मुंबईतील बारा गटांत नात्यातील विवाह किती होतात हे मोजले. भारतात मानवी आनुवंशिकीचा पाया घालणारी ही कामे होत. नात्यातील विवाहाने अप्रभावी दोष उघडकीस येण्याची शक्यता वाढते, ह्यात शंका नाही. केआयएफ-१ए चा एक प्रकार २०११ मध्ये अशाच नात्यातील विवाहाच्या एका पॅलेस्टिनी कुटुंबात सापडला. परंतु ह्याच जनुकाचे बहुसंख्य रुग्ण निराळ्या प्रकारचे आहेत. त्यांच्यात दोष मुलात नव्यानेच उत्पन्न झालेला असतो; आईबाप एकमेकांचे कोणी नसतात आणि दोघेही निर्दोष असतात. पाय ताठ होण्याच्या विकाराचे अनेक प्रकार तर प्रभावी असून एकाच पालकाकडून येतात. तेव्हा अडखळत चालणाऱ्या मुलाकडे पाहून घरात नात्यातल्या लग्नाची, किंवा त्याहून वाईट म्हणजे सुनेच्या माहेरची, उलटतपासणी सुरू होते, तेव्हा ती पुष्कळदा निव्वळ अन्याय असते. जनुकाचे नाव कळण्याचा मोठा उपयोग अशा घरात हाच, की पुढच्या अपत्यास धोका किती हे आकड्यात सांगता येते. अप्रभावी दोषात तो चारात एक, प्रभावी दोषात दोनात एक, आणि नव्याने उद्भवलेल्या दोषात अगदी थोडा.

कुटुंबे बारकाईने पाहण्याची परंपरा मुंबईतही आहे. जे. जे. रुग्णालयातील नोशीर वाडिया व स्वामी ह्यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांत तोल जाणे व डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होणे असा एक आनुवंशिक विकार वर्णिला. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. तो प्रामुख्याने वाहतुकीचा विकार नव्हे. पण केवळ रुग्णाच्या नजरेकडे लक्ष देऊन, जनुकाचा पत्ता लागण्यापूर्वी पंचवीस वर्षे, त्यांनी एक नवा विकार निराळा काढला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अखेरीस पुन्हा एका विषारी वनस्पतीकडे येऊ. अंगणात व देवळाच्या आवारात वर्षभर फुलणारी सदाफुली कोणास ठाऊक नाही? तिच्यातील व्हिन्क्रिस्टीन हे द्रव्य १९६३ पासून रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः मुलांत, वापरले जाते, आणि त्याने असंख्य मुले वाचली आहेत. तेही कॉल्चिसीनप्रमाणे ट्यूब्युलिनलाच धरते. म्हणून कर्करोगाच्या पेशींबरोबर अक्षतंतूंचे रूळही त्याच्या तावडीत सापडतात, आणि औषध घेणाऱ्या मुलांच्या पायांना मुंग्या येणे, पाऊल लोंबणे असे प्रकार होतात. बहुतेकांत ते ओसरतात. परंतु काही थोड्या मुलांत दोन-तीन मात्रांतच तीव्र पक्षाघात झाला, आणि तपासाअंती त्यांच्यात शार्को-मारी-टूथचा सर्वसामान्य प्रकार, म्हणजे सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाची दुप्पट झालेली प्रत, दडलेला आढळला. हा प्रकार मूलतः अक्षतंतूच्या आवरणाचा आहे; तरी आधीच दुर्बल असलेल्या तंतूस विषाचा धक्का सोसत नाही. दोष १९९१ मध्ये ओळखला गेला होता, आणि नव्वदच्या दशकात अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी काही घरांत आजोबांची किंवा बापाची पावले कमानदार, बोटे वाकडी आणि पोटऱ्या बारीक होत्या. तो घराण्याचा बांधा समजला गेला होता, आणि तोवर कोणा वैद्याने त्याविषयी विचारले नव्हते.